संकटातून गेलेल्या वस्तीत मुलांसाठी नाटकाचं वर्कशॉप घ्यायचंय? पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

पूर, भूकंप, आग, दंगल, युद्ध, घरदार सोडून पळावं लागणं, असं काही एखाद्या वस्तीवर येऊन गेलं की थोड्या दिवसांनी कुणीतरी म्हणतंच, पोरांसाठी काहीतरी करूया, नाटकाचं वर्कशॉप घेऊया. आणि ज्याच्यावर ही जबाबदारी येते त्याला एकतर नाटक येत असतं पण अशा मुलांसोबत काम केलेलं नसतं, नाहीतर संस्थेत काम केलेलं असतं पण नाटकाशी कधी संबंध आलेला नसतो. दोघांनाही उपयोगी पडेल असं लिहायचा प्रयत्न करतेय. साधारण १० ते २० वर्षांची मुलं डोळ्यासमोर आहेत.

आधी हे डोक्यातून काढा

"मुलांच्या मनात साचलेलं बाहेर काढायचं" ही कल्पना सोडून द्या. खरंच सोडून द्या. नवीन लोक सगळ्यात जास्त इथेच घसरतात, कारण हेतू चांगला असतो आणि नाटक म्हटलं की भावना, रडणं, मोकळं होणं हे सगळं आपोआप डोक्यात येतं. पण जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला अगदी स्पष्ट आहे, नुकत्याच मोठ्या धक्क्यातून गेलेल्या माणसाला बसवून काय काय घडलं आणि तेव्हा काय वाटलं हे पहिल्यापासून वदवून घ्यायचं नाही. त्याने फायदा होत नाही, उलट त्रास होऊ शकतो. आणि मुलं तर आपल्याला खूश करायला पण सांगतात. समोरच्या ताईला काय ऐकायचंय ते त्यांना पटकन कळतं.

तर मग नाटक काय करतं? संकटात मुलांच्या हातातून एक गोष्ट पूर्ण जाते, ती म्हणजे ठरवणं. कुठे राहायचं, कधी जेवायचं, शाळा कधी सुरू होणार, सगळं दुसरे ठरवतात. नाटकाच्या खोलीत मूल ठरवतं की मी कोण होणार, गोष्ट कुठे वळणार, मी आत्ता खेळणार की बसून बघणार. आठवड्यातून दीड तास का होईना, पुढे काय होणार हे त्याला माहीत असतं आणि त्यातलं काही त्याने स्वतः ठरवलेलं असतं. माझ्या मते एवढंच मुख्य काम आहे, बाकी सगळं ह्याच्याभोवती.

आपत्तीतल्या मानसिक आधारासाठी संयुक्त राष्ट्रं आणि मदतसंस्थांच्या समन्वय समितीच्या २००७ च्या गाइडलाइन्स आहेत, त्यात चार थरांचा एक पिरॅमिड आहे. तळाला सुरक्षितता आणि मूलभूत गरजा, वर कुटुंब आणि वस्तीचा आधार, त्याच्यावर ट्रेनिंग घेतलेल्या कार्यकर्त्यांकडून ठराविक माणसांना मदत, आणि टोकाला मानसोपचारातले तज्ज्ञ. आपलं वर्कशॉप दुसऱ्या थरात बसतं. म्हणजे आपण उपचार करत नाही. आणि तळाचा थरच नसेल, पोरांना पाणी नाही, रात्री झोपायला सुरक्षित जागा नाही, तर आधी ते. तोपर्यंत नाटक थांबू शकतं.

आणि हे चोचले आहेत असं कुणी म्हणालं तर सांगा की १९८९ च्या बालहक्क कराराच्या ३१ व्या कलमात खेळ, विश्रांती आणि कलांमध्ये भाग घेणं हा मुलांचा हक्क म्हणून लिहिलेला आहे, आणि संकट आलं म्हणून तो हक्क संपत नाही. 'क्लाउन्स विदाउट बॉर्डर्स' ही विदूषकांची संस्था १९९३ मध्ये सुरू झाली तीच बार्सिलोनातल्या शाळकरी मुलांच्या मागणीतून, त्यांची निर्वासित छावणीतल्या मुलांशी ओळख झालेली होती आणि तिथे हसायला काहीच नाही हे त्यांना कळलं होतं.

जायच्या आधी

थेट जाऊन धडकू नका. वस्तीत आधीपासून काम करणारं कुणीतरी असतं, शिक्षक, आरोग्य कार्यकर्ती, तरुणांचं मंडळ, महिलांचा गट. त्यांच्यासोबत बसा आणि विचारा की हे हवंय का, कधी हवंय, कोणी आधी येऊन काय करून गेलंय. संकटानंतर बाहेरच्या लोकांची रांग लागते, सगळे एक एक दिवस येतात, खेळ घेतात, फोटो काढतात आणि जातात. तुम्ही त्या रांगेतले अजून एक होणार असाल तर न गेलेलं बरं. कमीत कमी सहा ते आठ सेशन सलग करता येतील एवढी सोय असेल तरच सुरू करा.

मग ही तयारी, आणि ह्यातलं काहीही "नंतर बघू" वर ढकलायचं नाही:

- कुणाला कुठे पाठवायचं त्याची यादी. जवळचा दवाखाना, मुलांसोबत काम करणारा समुपदेशक, बालसंरक्षणाचं काम बघणारी अधिकृत व्यक्ती, हेल्पलाइन. स्वतः फोन करून बघा की तिथे खरंच कुणी उचलतंय का. यादी टीममधल्या प्रत्येकाच्या खिशात पाहिजे.
- कुठलाही मोठा माणूस मुलासोबत बंद खोलीत एकटा नसणार हा नियम. टीममध्ये कमीत कमी दोन जण, शिवाय वस्तीतली एक ओळखीची व्यक्ती. मुली असतील तर टीममध्ये बाई हवीच.
- पालकांची परवानगी, आणि वेगळी, मुलाची स्वतःची. आईने पाठवलं म्हणजे मुलाला यायचंच आहे असं नसतं.
- मानसिक प्रथमोपचाराचं बेसिक ट्रेनिंग. जागतिक आरोग्य संघटनेची २०११ ची कार्यपद्धती तीन शब्दांत सांगता येते, पाहा, ऐका, जोडून द्या. एक-दोन दिवसांत शिकता येतं आणि त्यासाठी डॉक्टर असावं लागत नाही.

अजून एक, संकट कशामुळे आलं ते नीट समजून घ्या. नैसर्गिक आपत्ती आणि माणसांनी एकमेकांवर केलेली हिंसा ह्यात खूप फरक आहे. दुसऱ्या प्रकारात तुमच्या ग्रुपमध्ये दोन्ही बाजूंची मुलं असू शकतात, किंवा एकाच बाजूची असतील आणि दुसऱ्या बाजूला वाटेल की तुम्ही त्यांचे. कुठल्या जागेत वर्कशॉप आहे, कोणाच्या नावाने आहे, कोणत्या भाषेत आहे, हे सगळं तिथे बोलतं.

जागा आणि ग्रुप

बारा ते अठरा मुलं. पंचवीसच्या वर गेलात की तुम्ही फक्त शिस्त लावत बसता. वयाचे गट शक्यतो वेगळे ठेवा, १०-१३ आणि १४ च्या पुढचे, कारण मोठ्यांना लहानांसमोर मूर्खासारखं वागायची लाज वाटते आणि नाटकात थोडं मूर्खासारखं वागता आलंच पाहिजे. मुली येऊ शकतील अशी वेळ निवडा, घरकाम आणि पाणी भरणं कधी असतं ते त्यांनाच विचारा, आणि अंधार पडायच्या आत सगळे घरी पोचतील हे बघा.

जागा मोठी नसली तरी चालेल पण दार सगळ्यांना दिसलं पाहिजे आणि कुठल्याही क्षणी बाहेर पडता आलं पाहिजे. बऱ्याच मुलांना पाठ दाराकडे करून उभं राहायला नको असतं, ते न बोलता जागा बदलतात, बदलू द्या. पाणी आणि संडास जवळ हवा. खिडकीतून बघणारे लोक ही मोठी अडचण असते, मोकळ्या मैदानात तर गर्दीच जमते, आणि बघणारे असले की मुलं खेळायच्या ऐवजी परफॉर्म करायला लागतात किंवा गप्प होतात. एखादी चादर बांधा, वस्तीतल्या कुणाला तरी बाहेर उभं करा. बघ्या लहान मुलांसाठी टीममधल्या एकाने बाहेर वेगळा खेळ लावला तर सगळ्यात उत्तम.

आणि हे गृहीत धरूनच चाला की रोज तीच मुलं येणार नाहीत. कुटुंबं हलतात, कुणाला कामाला जावं लागतं, कुणी नवीन येतं. म्हणून प्रत्येक सेशन स्वतःत पूर्ण असायला हवं, मागच्या वेळी नव्हतास म्हणून तुला कळणार नाही असं कुणालाही वाटता कामा नये.

सेशनचा साचा

दीड तास पुरे. साचा दरवेळी सारखाच ठेवा, कंटाळा येईल अशी भीती बाळगू नका, ह्या मुलांना सारखेपणाची गरज असते. सुरुवात गोलात, प्रत्येकजण नाव सांगणार आणि एक हालचाल करणार, बाकी सगळे ती हालचाल परत करणार. मग आज काय काय करणार आहोत ते सांगायचं. मग वीसेक मिनिटं खेळ, मग अर्धा-पाऊण तास मुख्य काम, म्हणजे गोष्ट बनवणं, मग शांत व्हायला दहा मिनिटं, आणि शेवटी परत गोल आणि रोजचाच शेवटचा खेळ किंवा गाणं, जे मुलांनीच ठरवलेलं आहे.

पहिल्या दिवशी तीन गोष्टी सांगायच्या आणि नंतरही परत परत. एक, इथे कुठलीही गोष्ट करायला नाही म्हणता येतं, हाताची ठरलेली खूण केली की पास, कारण विचारलं जाणार नाही. दोन, आपण एवढी एवढी सेशन भेटणार आहोत आणि अमुक दिवशी शेवटचं. तीन, इथलं बोलणं आपण बाहेर सांगत नाही, पण कुणी धोक्यात आहे असं मला कळलं तर मला योग्य माणसाला सांगावं लागेल. ही तिसरी गोष्ट आधीच सांगणं फार महत्त्वाचं आहे. "मी कुणाला सांगणार नाही" असं वचन कधीच देऊ नका, कारण ते तुम्हाला मोडावं लागू शकतं, आणि ह्या मुलांच्या बाबतीत मोठ्यांनी आधीच भरपूर वचनं मोडलेली असतात.

पास म्हणालेल्या मुलाला एकटं कोपऱ्यात टाकू नका. त्याला काम द्या, वेळ बघ, ताल दे, दिवा धर, कोण कुठे उभं होतं ते लक्षात ठेव. काही मुलं तीन-चार सेशन फक्त ताल देतात आणि मग एक दिवस उठून मध्ये येतात. काही येतच नाहीत आणि तरी रोज हजर असतात, त्यांचंही वर्कशॉप चालूच असतं.

कुठले खेळ घ्यायचे आणि कुठले टाळायचे

नाटकातले बरेच खेळ मुळातच अशा मुलांसोबत कामातून आलेत. व्हायोला स्पोलिन ह्यांनी १९३० च्या दशकाच्या शेवटी शिकागोमध्ये सरकारी मनोरंजन प्रकल्पात काम करताना थिएटर गेम्स घडवले, समोर स्थलांतरित कुटुंबांतली, वेगवेगळ्या भाषांची मुलं होती, भाषण देऊन शिकवणं शक्यच नव्हतं, म्हणून खेळ. तुमच्या ग्रुपमध्येही भाषा एक नसेल तर शब्द नसलेल्या खेळांपासूनच सुरू करा.

चांगले चालणारे सांगते. आरसा: दोघं समोरासमोर, एक हळू हलणार, दुसरा त्याच्यासारखंच करणार, मग अदलाबदल, मग कोण पुढे आहे तेच कळू नये असं. टाळी पास करणं: गोलात नजर मिळवून टाळी पुढे द्यायची, हळूहळू वेग वाढवायचा. आकडा मोजणं: सगळ्यांनी मिळून एक ते वीस म्हणायचं, कुणी कधी म्हणायचं ते ठरवायचं नाही, दोघं एकदम बोलले की परत एकपासून. हा खेळ चिडचिड्या ग्रुपला सुद्धा अशी शांतता देतो की बघत राहावं. वस्तूचा खेळ: एक काठी किंवा ओढणी गोलात फिरते आणि प्रत्येकजण तिचं काहीतरी वेगळंच करतो, वल्हं, फोन, साप, बाळ. पुतळे: जोडीदाराला मातीसारखं घडवायचं, पण स्पर्श न करता, हवेत हात फिरवून.

आता टाळायचे. नाटकवाल्यांनी हे जास्त लक्ष देऊन वाचा, कारण आपल्या नेहमीच्या यादीतलेच खेळ आहेत हे. "बोट बुडतेय, तीन-तीनचे गट करा" हा खेळ आपण डोळे झाकून घेतो. पुरातून आलेल्या मुलांसोबत, समुद्र ओलांडून आलेल्या मुलांसोबत हा घ्यायचा नाही, आणि जो उरतो तो बुडाला असं तर कुठेच नाही. "बॉम्ब आणि ढाल" मध्ये खेळ मस्त आहे पण नाव बदला, एकापासून लांब राहायचं आणि दुसऱ्याला मध्ये ठेवायचं, त्याला ऊन आणि सावली म्हणा, काही बिघडत नाही. डोळे बांधणं, अंधार करणं, मागून येऊन पकडणं, डोळा मारून खून करणं, जमिनीवर मेल्यासारखं पडून राहणं, मागे पडायचं आणि ग्रुपने झेलायचं, हे सगळे बाजूला ठेवा. फुगे पण नकोत, फुटतात. अचानक मोठा आवाज, शिट्टी, ड्रमचा दणका, आधी सांगितल्याशिवाय नाही. आणि आउट होणारे खेळ नकोत. ज्या मुलांनी खूप काही गमावलंय त्यांना खेळातूनही बाहेर काढून बाजूला बसवायचं कशाला. आउट झाला की तो दुसऱ्या टीममध्ये जातो असा नियम करा, खेळ तितकाच रंगतो.

रिलॅक्सेशनसाठी डोळे मिटायला लावणं ही पण एक सवय आहे आपली. "हवं तर मिटा, नाहीतर जमिनीवर एका जागी नजर ठेवा" एवढंच म्हणा.

गोष्ट बनवताना

इथे थोडं सावकाश जाऊया, कारण वर्कशॉपचं सगळं मर्म ह्या भागात आहे.

मुलांना त्यांच्या आयुष्यावर नाटक करायला सांगायचं नाही. "त्या दिवशी काय झालं ते दाखवा" हे वाक्य तुमच्या तोंडून कधीच येता कामा नये. त्याऐवजी लांबून या. कधीच नसलेलं एक गाव, हजार वर्षांनंतरचं शहर, बोलणारं झाड, एक पक्ष्यांचा थवा ज्याला वाट सापडत नाहीये. गोष्ट जितकी लांबची तितकं मूल तिच्यात मोकळेपणाने फिरतं, आणि स्वतःचं त्यात किती टाकायचं ते तेच ठरवतं. कुणी त्या पक्ष्यांच्या गोष्टीत पूर्ण स्वतःचं घर मांडेल, कुणी फक्त पक्षी उडवेल. दोन्ही बरोबर. आणि पहिल्याला "म्हणजे हे तुझंच घर ना?" असं विचारायचा मोह आवरा. तुम्ही असं विचारलंत की पडदा फाटला, मग ते मूल परत काही टाकणार नाही. पक्ष्याबद्दलच बोलत राहा. त्या पक्ष्याला आता काय हवंय? त्याच्यासोबत कोण आहे? रात्री तो कुठे थांबतो?

बाहुल्या ह्यासाठी फार उपयोगी पडतात. कागदाचा बोळा, मोजा, काठी, जुना टी-शर्ट, काहीही चालतं. जे मूल स्वतःच्या तोंडाने बोलत नाही ते बाहुलीच्या तोंडाने बोलतं, आणि बोलली ती बाहुली, त्यामुळे जबाबदारी बाहुलीची.

गोष्टीला मदत करणारी पात्रं आहेत का ते बघा, आणि नसतील तर प्रश्न विचारा. संकटातल्या मुलांच्या गोष्टीत बऱ्याचदा सगळं कोसळतं आणि तिथेच थांबतं. तेव्हा घाईने सुखाचा शेवट चिकटवू नका, मुलांना ते खोटं आहे हे कळतं. "दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं?" एवढंच विचारा. ह्या एका प्रश्नाने गोष्ट पुढे सरकते, आणि ती कुठे सरकणार हे मुलांच्याच हातात राहतं.

मुलगे बहुतेक वेळा मारामारी करतात, बंदुका, पोलीस, टोळ्या. रागवू नका, बंदही करू नका. स्लो मोशनमध्ये करायला लावा, स्पर्श न करता. मग फ्रीझ, म्हणजे आहेत तसेच पुतळ्यासारखे थांबायचं. मग बाकीच्यांना विचारा, ह्या चित्रात अजून कोण आहे जे दिसत नाहीये? कुणीतरी म्हणतं खिडकीतून बघणारी आई. तिला आत आणा. आता हेच भांडण वेगळं होतं. पण एखादं मूल दर सेशनला तोच एक प्रसंग तसाच्या तसा खेळतंय, काही बदलत नाहीये, आणि खेळून झाल्यावर हलकं व्हायच्या ऐवजी अजून ताणलेलं दिसतंय, तर ते तुमच्या आवाक्यातलं नाही. समुपदेशकाशी बोला.

आणि भूमिका उतरवणं विसरू नका, फार लोक विसरतात. सीन संपला की हातपाय झटकायचे, ओढणी किंवा टोपी जी काही पात्राची वस्तू असेल ती ठराविक जागी ठेवून द्यायची आणि मोठ्याने स्वतःचं नाव सांगायचं. ज्या मुलाने वाईट माणसाचं काम केलं त्याच्यासाठी हे दोनदा करा, नाहीतर खेळ संपल्यावर बाहेर बाकीची पोरं त्याला त्याच नावाने चिडवतात.

मोठ्या मुलांसोबत फोरम थिएटर

ग्रुप जमला, एकमेकांवर विश्वास बसला, वय १४ च्या वर असेल तर फोरम करून बघण्यासारखं आहे. ही पद्धत ब्राझीलचे ऑगस्तो बोआल ह्यांची. लष्करी राजवटीने १९७१ मध्ये त्यांना अटक करून छळ केला, देश सोडावा लागला, आणि १९७३ च्या सुमारास पेरूमधल्या साक्षरता मोहिमेत काम करताना फोरम आकाराला आलं. पद्धत अशी: एक छोटा प्रसंग करायचा ज्यात कुणाला तरी काहीतरी हवंय आणि मिळत नाही. शेवट वाईट. मग तोच प्रसंग परत सुरू करायचा आणि बघणाऱ्यांपैकी कुणीही "थांबा" म्हणून आत येतो, अडलेल्या माणसाची जागा घेतो आणि वेगळं काहीतरी करून बघतो. बाकीची पात्रं खऱ्या आयुष्यात वागतील तशीच वागतात. मध्ये सूत्रसंचालक असतो, तो उत्तर देत नाही, फक्त विचारतो की हे चाललं का, असं खरंच होईल का, की ही जादू झाली?

पण विषय निवडताना जपा. मुलांच्या हातात थोडं तरी काही आहे असाच विषय घ्या. पाण्याच्या रांगेत लहान मुलांना मागे ढकलतात, नवीन आलेल्या मुलांना शाळेत चिडवतात, घरी मुलीला शाळा सोड म्हणतायत, कॅम्पमधल्या मीटिंगमध्ये तरुणांना बोलू देत नाहीत. ह्यात करून बघण्यासारखं भरपूर आहे. ज्यांच्या हातात शस्त्रं आहेत त्यांच्यासमोर उभं राहायची प्रॅक्टिस मुलांकडून करून घ्यायची नाही, ते धाडस उद्या बाहेर गेल्यावर महागात पडेल आणि तेव्हा तुम्ही तिथे नसणार. आणि जिच्यावर ते खरंच बेतलंय तिलाच त्या भूमिकेत उभं करायचं नाही, ती म्हणाली तरी आधी दुसरं कुणीतरी.

प्लेबॅक थिएटर म्हणून अजून एक प्रकार आहे, जोनाथन फॉक्स आणि जो सालास ह्यांनी १९७५ मध्ये अमेरिकेत सुरू केलेला, त्यात प्रेक्षक स्वतःचा अनुभव सांगतो आणि नट तिथल्या तिथे तो करून दाखवतात. सुंदर आहे, पण त्याला प्रशिक्षित टीम लागते. नवीन असाल तर ह्या वस्तीत ह्याने सुरुवात करू नका.

कुणी कोसळलं तर, कुणी काही सांगितलं तर

मूल अचानक रडायला लागलं, थिजून गेलं, श्वास जोरजोरात घ्यायला लागलं, तर टीममधला दुसरा माणूस त्याच्या शेजारी जाऊन बसणार आणि पहिला माणूस ग्रुप चालू ठेवणार. हे आधीच ठरलेलं असू द्या. विचारल्याशिवाय हात लावू नका, मिठी तर नाहीच. हळू आवाजात नाव घ्या, आपण कुठे आहोत ते सांगा, पाय जमिनीवर दाबायला सांगा, मग दिसणाऱ्या पाच गोष्टी, हाताला लागणाऱ्या चार, ऐकू येणारे तीन आवाज. श्वास सोडायचा तो घेण्यापेक्षा लांब. पाणी द्या. का रडतोस असं विचारू नका. थोड्या वेळाने परत यायचंय का, की इथेच बसायचंय, एवढं विचारा. बाकीच्या मुलांना एका वाक्यात सांगा की तो ठीक आहे, कुणालाही असं होऊ शकतं, आणि खेळ पुढे.

कुणी मारहाणीबद्दल, लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं तर ऐका. चेहरा शांत ठेवा. "तू सांगितलंस ते बरं केलंस, ह्यात तुझी चूक नाही" एवढं म्हणा. खोदून विचारायचं नाही, कोण, कधी, किती वेळा ही चौकशी तुमचं काम नाही आणि तुमच्या प्रश्नांनी पुढची खरी चौकशी बिघडू शकते. पुढे कोणाला सांगणार ते मुलाला सांगा, त्याचेच शब्द तारखेसकट लिहून ठेवा आणि त्याच दिवशी यादीतल्या बालसंरक्षणाचं काम बघणाऱ्या व्यक्तीला कळवा. टीममध्ये चर्चा नाही, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर अजिबातच नाही. जीव द्यायचं बोलणं, स्वतःला इजा करून घेणं, कित्येक दिवस न झोपणं न जेवणं, कशालाच प्रतिसाद न देणं, ह्यातलं काहीही दिसलं तरी तेच, त्याच दिवशी.

प्रयोग, फोटो, देणगीदार

शेवटी प्रयोग झालाच पाहिजे असं काही नाही. प्रयोग ठरला की रिहर्सल सुरू होते, पाठांतर येतं, चुकलं की ओरडणं येतं, आणि जे मूल मागे होतं ते अजून मागे जातं. मुलांना हवा असेल तर करा, पण प्रेक्षक कोण हे मुलं ठरवतील, आणि प्रयोगाच्या आदल्या मिनिटाला सुद्धा कुणी नाही म्हणालं तर चालेल अशी गोष्टीची रचना करा. मोठ्या लोकांसमोर करायचं असेल तर त्यात खऱ्या माणसाला ओळखता येईल असं काही राहिलंय का ते दोनदा तपासा.

फोटोचा त्रास सगळ्यांना होतो कारण पैसे देणाऱ्यांना फोटो हवे असतात. मुलाचं नाव, चेहरा, राहण्याची जागा आणि त्याच्यावर काय बेतलं, ह्या गोष्टी एकत्र कधीच जाऊ द्यायच्या नाहीत. हातांचे फोटो, बाहुल्यांचे, पाठमोरे, जमिनीवरच्या चपलांचे, ह्यातून रिपोर्ट छान होतो. आणि रिपोर्टमध्ये "मुलांचा ट्रॉमा एवढा कमी झाला" असं लिहू नका, ते मोजायचं साधन तुमच्याकडे नाही. किती मुलं परत परत आली, कोण पहिल्यांदा बोललं, कुणी स्वतः खेळ शोधून काढला, वर्कशॉप नसतानाही तेच खेळ वस्तीत चालू आहेत का, हे लिहा. हे खरं असतं आणि वाचणाऱ्याला कळतंही.

टीम आणि निघताना

प्रत्येक सेशननंतर अर्धा तास टीमने बसायचं. काय चाललं, कोण गप्प होतं, पुढच्या वेळी काय बदलायचं, आणि आपल्यापैकी कुणाला काय जड गेलं. थकल्यावर माणूस चिडतो, नाहीतर एखाद्याच मुलात जास्त गुंततो, त्याला घरी न्यावंसं वाटतं, पैसे द्यावेसे वाटतात. दुसऱ्याने हे लक्षात आणून द्यावं म्हणूनच टीम असते. वस्तीतले जे कार्यकर्ते तुमच्यासोबत आहेत त्यांच्यावर तर तेच संकट आलेलं असतं हे विसरू नका, त्यांना सुट्टी, मानधन आणि बोलायला माणूस ह्या तिन्हीची गरज तुमच्यापेक्षा जास्त आहे.

शेवटच्या तीन सेशनमध्ये रोज सांगा की अजून तीन राहिली, दोन राहिली, एक राहिलं. अचानक माणसं गायब होणं ह्या मुलांनी पाहिलंय, निरोप घेऊन जाणं बऱ्याच जणांनी पाहिलेलं नसतं. परत येऊ असं म्हणू नका, तारीख ठरलेली असेल तर तारीख सांगा. पाचव्या-सहाव्या सेशनपासूनच वस्तीतल्या दोन-तीन मोठ्या मुलामुलींना खेळ घ्यायला पुढे करा, आधी एक खेळ, मग पूर्ण सुरुवात, मग अख्खं सेशन, तुम्ही मागे बसून. निघताना खेळांची हाताने लिहिलेली वही, बाहुल्यांची पेटी, कुणाला कुठे पाठवायचं त्या यादीची कॉपी आणि जागेची किल्ली त्यांच्याकडे, आणि पुढचे दोन महिने आठवड्यातून एकदा त्यांना फोन, कुठला खेळ चालला नाही, कोण नवीन आलं, काय अडतंय हे ऐकायला.